कोळशावरची मोटार आणि तिचा गोतावळा

आमच्या मेहरूणमध्ये माझ्या लहानपणी कुणी फार रमतगमत काम करू लागला, की जुनी माणसे विचारायची, "काय भाऊ, कोळशावर चालून राह्यला का?" आम्हा पोरांना वाटे, ही आगगाडीची गोष्ट. पण आगगाडी तर धाडधाड जायची, मग तिचे नाव आळशी माणसाला का? पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. ती गोष्ट आगगाडीची नव्हती, मोटारीची होती. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या मोटारी खरोखरच लाकडी कोळशावर धावत होत्या. म्हणजे धावत कसल्या, चालत होत्या.

मी शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की पोलंड, पर्ल हार्बर, हिरोशिमा अशी गावे यायची. जळगावचे नाव त्यात कुठून येणार? पण माझे वडील (आम्ही त्यांना आबा म्हणत असू) त्या काळात पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि जळगावहून अजिंठ्याच्या वाटेवर जाणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. त्यामुळे युद्धाचा हा धडा मला घरीच शिकायला मिळाला. आज तोच लिहून ठेवतो आहे. नातवंडांपैकी कुणाला गाड्यांचे वेड असेल तर त्याने शेवटपर्यंत वाचावे, कारण शेवटचा भाग करमणुकीचा नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. एस.टी. तेव्हा नव्हती. ती आली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर ही तिची पहिली गाडी. त्याआधी खेड्यापाड्यांतली वाहतूक खाजगी सर्व्हिस मोटारींवर चाले. अजिंठ्याची लेणी निजामाच्या हद्दीत, पण ती पाहायला येणारा माणूस रेल्वेने जळगावला उतरायचा आणि पुढे मोटारीने पहूरवरून फर्दापूरला जायचा. गाड्या बहुतेक शेव्हर्ले किंवा फोर्ड. भारतात मोटार बनत नव्हती, नुसती जोडली जात होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत जोडणीचा कारखाना काढला होता. तिथून सांगाडा यायचा आणि त्यावर गावचा सुतार लाकडी बॉडी चढवायचा. म्हणजे गाडीत कारागिराचा हात पहिल्या दिवसापासूनच होता.

१९४१ मध्ये सरकारने पेट्रोलवर रेशनिंग आणले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचे तेल बंद झाले. माघार घेताना रंगूनजवळचा सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केला, शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून. आपल्याकडे उरले आसामातले दिग्बोई आणि बोटींनी येईल ते. जे येईल त्यावर पहिला हक्क लष्कराचा. सर्व्हिस मोटारवाल्याला कुपनावर जेमतेम पेट्रोल मिळायचे. गाडी उभी ठेवावी तर मालक, ड्रायव्हर, क्लीनर सगळे घरी.

मग गाडीच्या मागे गॅस प्लँट बसला.

हा प्लँट कसा दिसायचा? ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना समजावून सांगायला नको. पुरुषभर उंचीचा लोखंडी पत्र्याचा बंब गाडीच्या पाठीला पट्ट्यांनी आवळलेला. वरून झाकण उघडून कोळसा ओतायचा, खालून विस्तव. त्यातून निघालेली नळी एका दुसऱ्या डब्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग गाडीच्या पोटाखालून पुढे थेट इंजिनाकडे. लोक थट्टा करायचे की मोटारवाल्याने आंघोळीची सोय बरोबर घेतली आहे. बनवलेले प्लँट विकतही मिळत, पण आमच्याकडे पुष्कळांनी पाहून पाहून स्वतःच ठोकले. तेलाचे रिकामे पिंप, विहिरीच्या पंपाचा जुना पाइप आणि लोहाराचा भाता, एवढ्यावर काम भागे.

आत काय घडायचे ते रसायनशास्त्रवाले अधिक चांगले सांगतील. मला समजले ते असे. कोळशाला भरपूर हवा दिली तर तो पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो, त्याचा इंजिनाला काही उपयोग नाही. पण हवा मोजकी दिली आणि तो वायू वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाऊ दिला, की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि हा जळतो. त्यात थोडी पाण्याची वाफ सोडली की हायड्रोजनही मिळतो. मात्र हवेतला नायट्रोजन तसाच बरोबर येतो आणि निम्मी जागा अडवून बसतो. म्हणून ताकद कमी. पेट्रोलवरच्या इंजिनाची चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद या गॅसवर गळून पडायची. एका गॅलन पेट्रोलचे काम करायला साधारण सहा किलो कोळसा लागे. आळशी माणसाला कोळशाचे नाव का पडले, ते आता कळले असेल.

आबांची नोकरी या बंबाभोवती फिरायची. गाडी सकाळी सातची असली तर ते पाचला हजर. रात्रीची राख काढायची, जाळी मोकळी करायची, नवा कोळसा भरायचा, खालून पेटता बोळा धरून हाताने पंखा फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी तोंडाशी काडी धरून पाहायचे. निळी ज्योत धरली म्हणजे गॅस तयार. मग ड्रायव्हर थोड्या पेट्रोलवर इंजिन सुरू करायचा आणि हळूच गॅसची झडप उघडायचा. इंजिन खोकले की पुन्हा पंखा. कोळसा सुपारीएवढा फोडलेला लागे. मोठे तुकडे पडले की मध्ये पोकळी राही, भुगा पडला की वाट बंद. फोडायचे काम अर्थातच क्लीनरचे. "माझ्या हाताच्या रेषा कोळशाने छापलेल्या होत्या," असे ते म्हणत.

खरी कला गाळणीत होती. राखेचा बारीक कण इंजिनात गेला की तो सिलिंडर खरवडतो, तेलाचा चिखल होतो. म्हणून ते मधले डबे. पहिल्यात जड राख खाली बसायची, पुढच्यात काथ्या, त्याच्या पुढे कापड. आमच्या कापसाच्या मुलखात सरकी काढलेला कापूसही कुणी भरून पाहिला, पण तो ओला होऊन दबून बसायचा. सर्वांत चांगले काय चालले म्हणाल, तर मालकाच्या आईची झिजलेली नऊवारी लुगडी. ती माउली लुगडे देताना म्हणायची, मेल्यावर नाही, जिवंतपणीच माझे वस्त्र जाळता काय रे! वस्त्र जळत नसे, फक्त काळे होई. पण तिला ते कधी पटले नाही.

चढ आला की वेगळाच सोहळा. निखारा तापता ठेवायला इंजिनाने जोरात श्वास ओढावा लागतो. उतारावर इंजिन मंद चाले, विस्तव मंदावे, आणि लगेच पुढे चढ असेल तर ऐन वेळी गॅस नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर चढाच्या आधी सपाटीवरच गाडी तापवून घेई. तरीही नाही चढली तर उतारू खाली. तिकीट काढलेला माणूस गाडी ढकलतो आणि वर कुरकुर करत नाही, हे दृश्य नंतर मी फक्त एस.टी.तच पाहिले.

हे खान्देशचेच वैशिष्ट्य होते असे समजू नका. युरोपात तर याचा कहर होता. स्ट्रासबर्गकडच्या जॉर्ज एंबेर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात लाकडावर चालणारा प्लँट बनवला होता. युद्ध संपेपर्यंत युरोपभर अशी दहा लाखांच्या आसपास वाहने होती असा अंदाज सांगतात. स्वीडन लढाईत नव्हता, तरी त्याचे तेल अडले आणि तिथल्या बहुतेक मोटारी लाकूड-कोळशावर आल्या. जर्मन प्राध्यापकाची मोटार आणि आमच्या पहूरच्या बाजाराला जाणारी मोटार एकाच तत्त्वावर रखडत होत्या, याचे मला अजून गंमत वाटते.

गंमत इथे संपते. हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसाला कळतही नाही. थंडीच्या एका रात्री आबा आणि आणखी एक क्लीनर पोरगा गाडीच्या शेडमध्ये उबेला म्हणून बंबाजवळ झोपले. विस्तव पुरता विझलेला नव्हता. मध्यरात्री आबांना उलटी आली म्हणून ते सरपटत बाहेर आले आणि अंगणात पडले. दुसरा पोरगा उठला नाही. आबांनी हे मला एकदाच सांगितले, मी कॉलेजात असताना. पुढे आयुष्यभर त्यांनी घरात शेगडी पेटती ठेवून दार लावू दिले नाही. आई वैतागायची.

त्या गाडीचा एक गुण मात्र ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजिन चालू असताना ते गॅस ओढून घेत असते. म्हणजे नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी. कुठे भोक पडले तर बाहेरची हवा आत जाते, गाडी गचके देते, पण गॅस बाहेर येत नाही. धोका असतो तो पेटवताना आणि थांबल्यावर, विस्तव गॅस करीत राहतो आणि ओढणारे कुणी नसते तेव्हा.

युद्ध संपले तरी पेट्रोल लगेच मोकळे झाले नाही. झाल्यावर बंब उतरले. एस.टी. आली, खाजगी सर्व्हिस मोटारी एकेका रस्त्यावरून गेल्या. आबा तोवर फिटर झाले होते. त्यांनी शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केले.

आणि इथून दुसरा अध्याय सुरू होतो, तो सुट्या भागांचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्याआधी १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स निघाली. सरकारने १९५३ मध्ये धोरण ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे राहू नये, गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. देशाच्या दृष्टीने धोरण बरोबरच होते असे मी वर्गात शिकवत आलो आणि आजही म्हणेन. पण रस्त्यावर ज्या शेकडो शेव्हर्ले आणि फोर्ड उरल्या, त्यांचे मायबाप कोण? नवी गाडी घ्यावी तर नंबर लावून वर्षे मोजायची. मग आबांसारखे मिस्त्री हेच मायबाप.

त्यांच्या शेडमध्ये मी शाळा सुटल्यावर बसायचो. बुश मिळत नाही, तर पितळेची जुनी घंटा वितळवून ओतून लेथवर घासलेला बुश. गॅस्केट मिळत नाही, तर जाड पुठ्ठा तेलात भिजवून, हातोडीने कडेकडेने ठोकून कापलेले गॅस्केट. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडले तर अंगाचा नव्हे, कपड्याचा साबण चोळून बुजवायचे, कारण पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. रेडिएटर गळतो तर त्यात हळद टाकायची. ती फुगून फटीत बसते. आई म्हणे, घरातली हळद स्वयंपाकाला कमी आणि रेडिएटरला जास्त लागते.

उन्हाळ्याचा उपाय तर खास आमच्याकडचा म्हणावा. जळगावचे ऊन तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसला टेकला की फियाट काय आणि अँबेसेडर काय, उभ्या उभ्या बंद पडत. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढू शकत नाही. नवशिका माणूस बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारतो. जाणता माणूस बॉनेट उघडतो, पंपावर ओले फडके गुंडाळतो, रसवंतीवर एक ग्लास रस पितो आणि परत येऊन गाडी सुरू करतो. प्रत्येक गाडीत एक पाण्याची बाटली आणि एक जुने धोतर असेच. भुसावळ रोडला झाडाखाली अशा बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग मी पाहिली आहे.

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. पेट्रोलची गाडी पाळणे हत्ती पाळण्यासारखे झाले. मग जुन्या जीप आणि अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. कंपनीने डिझेल अँबेसेडर काढण्याच्या कितीतरी आधी गॅरेजवाल्यांनी ती काढली होती. कुठे अपघातात गेलेल्या मॅटॅडोरचे इंजिन आणायचे, आणि जिथे ते मावत नाही तिथे लोखंड कापून जागा करायची. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यात एक पान वाढवायचे. ते थरथरते, म्हणून खाली टायरच्या रबराच्या गाद्या. गिअरचे प्रमाण जुळत नसे, त्यामुळे गाडी दुसऱ्यावरच तिसऱ्यासारखी ओरडे. आवाज एवढा, की लग्नाच्या वरातीला बँडची गरज नाही. पण चालायची. आबांनी असे काम किती केले याची मोजदाद नाही. ते एवढेच म्हणत, कागदावर चढवून घ्या. मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातही गाडीत फेरफार केला तर कळवायचे बंधन होतेच. किती लोक कळवत होते, ते सोडून द्या.

आणि मग आला स्वयंपाकाचा गॅस.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. पुढच्या दहा वर्षांत तिच्या मागच्या सीटखाली घरचे लाल सिलिंडर दिसू लागले. पेट्रोल महाग, घरगुती गॅस सवलतीचा. हे पूर्ण बेकायदा होते. सरकारने गाडीत गॅस वापरायला रीतसर परवानगी देणारा नियम केला तो २००१ मध्ये, आणि त्यातही टाकी वेगळी, किट मंजुरीचे, गॅस पंपावरूनच भरायचा अशा अटी. पण तोपर्यंत लोकांना सवय लागून गेली होती आणि पंप सगळीकडे नव्हते.

मला सगळ्यात लक्षणीय वाटले ते हे, की इंजिनाजवळची जोडणी पन्नास वर्षांपूर्वीचीच होती. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक टी बसवायची, एका वाटेने हवा, दुसऱ्या वाटेने गॅस. आबा तेव्हा सत्तरीच्या जवळ होते. एका व्हॅनचे इंजिन त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "हे तर आमचेच आहे." मग मागे जाऊन सिलिंडर पाहिले आणि गप्प झाले. त्या गाडीला त्यांनी हात लावला नाही. कारण विचारले तर उत्तर एका वाक्याचे: "आमचा गॅस ओढावा लागायचा, हा ढकलत येतो."

मघाशी ध्यानात ठेवा म्हटले ते हेच. सिलिंडरमधला गॅस दाबाखाली द्रवरूप असतो, आणि उन्हाळ्यात तो दाब आणखी चढतो. नळीला केसाएवढी चीर गेली तरी तो बाहेरच येणार. हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जातो आणि कुठेतरी ठिणगी शोधतो. गाडीसाठी बनवलेल्या टाकीला अशी झडप असते की ती ऐंशी टक्के भरली की आपोआप बंद होते, गॅसला फुगायला जागा राहावी म्हणून. घरच्या सिलिंडरमधून मोटर लावून गॅस ओढून भरतात तेव्हा हे कुणी पाहत नाही. भरणाऱ्याच्या हातात मोटर, मोटरला वायर, वायरीला ठिणगी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुमारास, आमच्या मेहरूणपासून जवळच, इच्छादेवी चौकात ओम्नी गाडीत असाच घरगुती सिलिंडरमधून गॅस भरला जात होता. स्फोट झाला. गाडीत प्रवासाला निघालेली माणसे होती. दहाच्या आसपास जण भाजले, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या काहींचे मृत्यू झाले. त्या चौकातून मी रोज भाजीला जातो. पुष्कळ दिवस मी वळसा घेऊन गेलो.

त्यानंतर ओळखीतल्या अनेकांनी सगळ्याच जुगाडाला नावे ठेवायला सुरुवात केली. मला ते मान्य नाही. ओले फडके, हळद, साबण यांनी कुणाचा जीव गेला नाही. पितळी बुशावर एक गाडी आमच्या डोळ्यांसमोर वीस वर्षे चालली. फरक कशात पडतो हे आबांच्या त्या एका वाक्यात आहे आणि त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. कायदा मात्र सरसकट बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेहून वेगळा फेरफार गाडीत करता येणार नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. पण जिथे गाडी आणि भाग दोन्ही मिळत होते त्या काळाचा हा न्याय आहे, १९४२ किंवा १९५५ चा नव्हे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव) एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातून मुलासाठी छोटी जीप बनवली होती, ती २०२१ च्या डिसेंबरात सगळ्या देशाने पाहिली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. रस्त्यावर ती नियमात बसणार नाही हे उघड होते. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली, जानेवारी २०२२ मध्ये. मी ती बातमी दोनदा वाचली. आबा असते तर त्यांनी बोलेरोविषयी काही विचारले नसते. किकचा दट्ट्या कुठल्या गाडीचा बसवला, ते विचारले असते.

माझा एक जुना विद्यार्थी अजिंठा चौफुलीच्या बाजूला गॅरेज चालवतो. इतिहासात तो कायम काठावर पास, पण हात सोन्याचा. गॅसची गाडी आली की तो आधी किटचा कागद मागतो, मग एका वाटीत साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर ब्रशने लावतो आणि बुडबुडा येतो का पाहत बसतो. घाई करणारे गिऱ्हाईक निघून जाते, तरी तो पाहत बसतो. ती वाटी आबांच्या शेडमधली आहे, पितळेची, एका बाजूने चेपलेली. शेड मोडली तेव्हा तो येऊन घेऊन गेला होता.